घोट्यापासून खाली

टेप तुम्ही धरा बाई, मी वितीनं सांगतो.
टाचेपासून अंगठ्यापर्यंत एक वीत, वर चार बोटं.
डाव्या करंगळीचा कपचा तेव्हाच उडाला,
छिन्नी सटकली होती. माझीच.

त्या साली भात नव्हताच.
कमांडर म्हणाला, देव उतरवा,
मी तांदूळ उतरवतो.
मी होतो, चान्थोल, आणि त्याचा मुका मेहुणा.
करवतीची पाच पाती तुटली.
घोट्याच्या जरा वर दगड हार मानतो
हे कुणी शिकवलं नव्हतं,
हाताला कळत गेलं,
डुक्कर सोलणाऱ्याला सांधा कळतो तसं.

गाडीत पेंढा घालून निजवला.
तोंडावर पोतं टाकलं.
बघत होता म्हणून नव्हे,
चांदणं होतं, चकाकत होता.
दांग्रेकच्या चढावर सगळे सुरुंग.
बैल पुढे, आम्ही मागून, नेमके चाकोरीत पाय टाकत.
परतलो तेव्हा बैल एकच,
तांदळाची दीड पोती, मिठाचा पुडा,
हिवतापाच्या सोळा गोळ्या.
त्यातल्या आठांवर माझी बहीण उठून बसली.
हेही लिहा.

आई मात्र जोत्यापाशी जातच राहिली.
नुसत्या पावलांना उदबत्ती.
म्हणायची, बघ, पाय निघाला नाही त्याचा.
पावसात कापल्या जागी पाणी साचायचं, दोन वाट्या.
सरडे यायचे प्यायला.
मी हाकलू लागलो की म्हणायची, राहू दे,
तू काय कमी प्यायलास?

आणि आता तुमच्या फोनमध्ये तो.
पांढऱ्या भिंतीपुढे, लोखंडी सळईवर तोललेला.
खालची पाटी तुम्हीच वाचून दाखवलीत:
पाय उपलब्ध नाहीत. मूळ ठिकाण अज्ञात.

अज्ञात कसं?
मला विचारायचं.
चाळीस वर्षं याच पायवाटेनं गुरं वळतोय.
केओ म्होन म्हटलं की
शेंबडं पोरही घर दाखवील.

सही येत नाही, अंगठा देईन.
आधी तो कागद ओला करा, दाबा,
बोटांच्या फटीतून, हं, असा.
कापाची रेघ नीट उठू द्या.
उजवीकडे ती एकदम वर चढते बघा.
तिथं कंदील विझला होता
आणि मी थांबलो नाही.