शिंगाळ्याचा काटा

अकराव्या दिवशी मी मोजणं सोडलं.
आईने नाही.
कॅलेंडरवर भरती-ओहोटीच्या आकड्यांशेजारी
ती पेन्सिलीने टिंब द्यायची, बारीक,
कुणी विचारलं तर दुधाचा हिशेब म्हणता यावं असं.

आत्या म्हणाली, आमच्या घरात पोरींच्या अंगावरून असंच जातं.
मला तर बारा-बारा दिवस. मरत नाही कुणी.

शाळेत मागचा बाक मागून घेतला.
पॅडवर पॅड, त्याखाली बाबांच्या जुन्या लुंगीची घडी,
तरी प्रार्थनेला उभी राहिले
आणि मैदान होडीसारखं कललं.

दापोलीला नर्सने वहीत लिहिलं:
दुर्वा हरेश्वर चोगले, वय चौदा, रक्त पाच पॉइंट आठ.
वर टांगलेल्या पिशवीत कुणाचं तरी रक्त,
नाव नसलेलं. थेंब थेंब.
तेही मोजलं.

डॉक्टरीणबाई मला विचारत होत्या, मग आईला:
हिरड्यांतून येतं? दात काढला तेव्हा?
उगाच कुठे काळंनिळं पडतं?
मग दाराशी उभ्या बाबांना,
"आणि तुमचं?"

माझं काय, म्हणून बाबा हसले.
मग तळहात पुढे केला.
गेल्या शिमग्याला शिंगाळ्याचा काटा घुसला,
दोन दिवस गळत होतं,
तंबाखू दाबली नि जाळं ओढलं.
नाकातून तर लहानपणापासून. उष्णता.
हर्णै बंदरात सगळ्यांना ठाऊक आहे ती गोष्ट:
हरेश्वरचं रक्त थांबत नाही, हरेश्वरपण थांबत नाही.

मीही सांगायचे ती, वर्गात, ऐटीत.

नमुने मुंबईला गेले. दोघांचे.
तीन आठवड्यांनी आजाराचं नाव आलं, परदेशी,
बाबांना ते धड म्हणता येईना. विलेब्रँड.
त्यांनी कागदाची घडी
बोटीच्या लायसनबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली,
भिजू नये म्हणून.

आता त्या दिवसांत गोळ्या असतात.
सहाव्या दिवशी थांबतं, कधी सातव्या.
आत्यालाही नेलं तपासायला. येईना आधी.
रिक्षात मग आवाज खाली करून म्हणाली,
आमची थोरली बाळंतपणात गेली ना गं,
तिला कुणी असं विचारलंच नाही.

टिंबं हल्ली पेनाने असतात, ठळक.
कधी कधी बाबाच देतात.
काल दोर लागून त्यांचं बोट कापलं.
फडकं धरून ओट्यावर बसले होते.
किती वेळ झाला, मी विचारलं.
दहा मिनिटं.

खोटं.
मी मोजत होते.