आयव्हलेटच्या पुलापाशी

नकाशाची घडी पुन्हा तशीच घालता आली नाही,
म्हणून तो अर्धा उघडाच माझ्या काखेत,
आणि वारा त्याचं एक टोक धरून
सारखा विचारत होता, नक्की कुठे?

केल्डहून निघालो तेव्हा साडेनऊ.
पुढे म्यूरिअल आल्डर्सन, वय अठ्ठ्याहत्तर,
चाळीस वर्षं स्वेलडेलच्या या दरीत टपाल वाटलेली बाई,
कुंपणाच्या दगडी पायऱ्या अशी चढते
की घरचा उंबरा ओलांडावा.
मागे मी, गुडघ्याला पट्टा,
आणि माझ्याही मागे मृण्मयी,
मेंढ्या मोजायचं तिने सव्वाशेवर सोडून दिलेलं.

दगडावर दगड. चुना नाही, माती नाही.
डोंगराच्या अंगावरून उभी-आडवी मैलोन् मैल कुंपणं.
म्यूरिअलने त्यांचं नाव सांगितलं, चांगलं तीन शब्दांचं.
मी म्हटलं, आमच्याकडे याला गडगा म्हणतात.
"गड्गा," ती म्हणाली, फारशी न अडखळता,
आणि निसटून पडलेला एक चपटा दगड उचलून
त्याच्या फटीत सरकवला,
दारातून पत्र आत टाकावं तसा.

नदी कोऱ्या चहाच्या रंगाची.
पलीकडे कुरणात गुडघाभर पिवळी फुलं,
आणि प्रत्येक कुरणात एकेक गोठा, दगडीच,
लग्नात ओळख न निघालेल्या पाहुण्यासारखा
एका बाजूला उभा.

मग तो पूल. एकच कमान,
मांजराने पाठ ताणावी एवढी उंच.
पुलाच्या टोकाशी गवतात एक लांबट सपाट दगड.
मृण्मयी त्यावर बसली, ओटची वडी काढली.
म्यूरिअल काही बोलली नाही.
वडी संपेपर्यंत नदीकडे बघत राहिली,
मग सांगितलं :

पूर्वी वरच्या वस्त्यांत माणूस गेलं
की पुरायला जागा खाली, ग्रिंटनच्या चर्चपाशी.
सोळा मैल. विणलेल्या टोपलीतून न्यायचे,
लाकडाची पेटी खांद्याला जड.
दोन दिवस, कधी बर्फ, कधी नुसता चिखल.
इथे या दगडावर खाली ठेवायचे.
पाणी प्यायचे. खांदे बदलायचे.

गडगा चटकन आला होता तोंडात.
हा शब्द मात्र दातांमागे थांबला.

विसावा, मी म्हटलं शेवटी.
"पण विसावा म्हणजे आराम ना, आई?"
हो. तोच.

बाबांच्या वेळी मी मिडल्सब्रोत होते, रात्रपाळीला.
औषधांच्या कपाटाला टेकून बघत होते फोनवर.
फोन धाकट्या भावाच्या हातात.
वखारीच्या वळणावर त्यांनी बाबांना खाली ठेवलं,
दिशा फिरवली,
कुणीतरी चिमूटभर तांदूळ दगडाखाली सारले.
पुढचे दोघे मागे गेले, मागचे पुढे.
तेवढ्यात भावाने फोनही
या हातातून त्या हातात घेतला
आणि मला क्षणभर
नुसतं आभाळ दिसलं, विजेची एक तार,
तारेवर काही नाही.

हे मी म्यूरिअलला सांगितलं नाही.
तिने विचारलंही नाही.
"तुमचा शब्द बरा आहे," एवढंच म्हणाली,
"आमच्याकडे नुसता दगड."

मृण्मयी उठली, दगडावरचे ओटचे कण झटकायला लागली.
राहू दे, मी म्हटलं.
"का?"
राहू दे.

बस चारला, रीथहून. अजून बरीच वाट.
पूल ओलांडताना म्यूरिअलने तिला सांगितलं,
इथे रात्री एक काळा कुत्रा दिसतो म्हणे,
मुंडकं नसलेला.
मृण्मयी थांबली. बराच विचार केला.
"मग तो भुंकतो कुठून?"

याचं उत्तर टपाल वाटणाऱ्या बाईलाही माहीत नव्हतं.
पुढचे दोन मैल
आम्ही तिघी तेवढंच बोलत गेलो.