काउंटर बंद आहे

पाटी मीच रंगवून घेतली, पदरच्या पैशांनी.
निळ्यावर पांढरं: काउंटर बंद आहे.
वर 'कृपया' हवं होतं, म्हणाले शाखाधिकारी.
मी म्हटलं, कृपयाला वेळ नसतो.

दिवसातून पाच वेळा. वाईट आठवड्यात अकरा.
तांबोळी न विचारता माझा ड्रॉवर स्वतःकडे ओढतो,
शिक्का, ओला स्पंज, अर्धी मोजलेली गड्डी.
रांगेतले एक पेन्शनर दर महिन्याला ऐकवतात,
"आमच्या वेळी माणसं खुर्चीवर बसायची."
मी आतून कडी लावते,
खाली बघायचं नाही असं ठरवते
आणि बघते.

घरी डायरीत तारखेपुढे लिहिते:
किती वेळा, किती लाल, आव किती.
रोजचा ताळा जुळला नाही तर झोप येत नाही मला.

पुण्याचा माझा नकाशा वेगळा आहे.
डेक्कनला मेट्रोचं स्टेशन, स्वच्छ, पण जिने फार.
कर्वे रोडवर एक मिठाईवाला, ओळखीने.
स्वारगेटला पाच रुपये, आणि बादली तुमची तुम्ही शोधा.
सारसबाग ओलांडली की भरवसा नाही,
म्हणून सहा वर्षांत पर्वती चढलेले नाही.

स्टेरॉइडवर होते तेव्हा जाऊ म्हणाली, बाळसं धरलंस गं!
रात्री तीनला मी ओट्यामागच्या टाइल्स
दात घासायच्या ब्रशने घासत होते.
चाळीस, तीस, वीस.
विसाच्या खाली उतरले
की आतडं पुन्हा तोंड उघडतं.
सासूबाईंची डाळिंबाची साल प्याले,
वैद्यांचा कुडाही. कुणाला दुखवायचं नव्हतं.

डॉक्टर देवस्थळींनी पावतीच्या पाठीवर आतडं काढलं,
डावीकडून रेघ मारत नेली. इथवर आलंय.
आता बायोलॉजिक.
शून्य, दोन, सहा, मग दर आठ आठवड्यांनी.
"कधीपर्यंत?"
"चालेल तोपर्यंत."
मग म्हणाले, प्रतिकारशक्ती थोडी दबते,
आधी टीबी बघू.

टीबी निघाला. आजार नाही, नुसता मुक्काम.

नलूआत्या औंधच्या दवाखान्यातून परतली
तेव्हा तिचं फुलपात्र वेगळं ठेवलं होतं, खालच्या फळीवर.
त्यावर तिचं नाव कोरलेलं, माझ्यावर कशावरच नाही,
म्हणून मी चोरून त्यातून पन्हं प्यायचे.
तेव्हाचं असेल. नसेलही.
चाळीस वर्षं कुणीतरी माझ्यात राहतंय, बिनभाड्याचं, बिनआवाजाचं,
आणि मी आता राखणदाराला
झोपेचं औषध देणार.
आधी त्याच्यासाठी गोळ्या. लघवी केशरी होईल,
घाबरायचं नाही, म्हणाले.
मी लालला सरावलेय, केशरीचं काय!

इन्शुरन्सवाला म्हणतो, रात्र काढली तर क्लेम.
सलाइन तीन तासांत संपतं.
निरंजन म्हणतो, एफडी मोडू. इतकं सहज,
जसं खोबरं फोडू.
मी रोज लोकांच्या मोडते.
'कारण' या रकान्यात काय काय येतं ते पाठ आहे:
लग्न. घर. मुलाची फी.
'औषध' लिहिणाऱ्याला
मी व्याजाचा तोटा समजावून सांगत नाही.

आणि नाही घेतलं तर?
कधीतरी सगळंच आतडं काढावं लागेल, पोटावर पिशवी.
घेतलं तर ताप आला की दचकायचं.
दोन्हीकडे आकडे आहेत, शंभरात किती, हजारात किती.
मी आकड्यांची बाई,
पण त्या शंभरातली मी कितवी
ते कुठल्याच कागदावर नाही.

शुक्रवारी लंचनंतर काचेच्या पलीकडे उभी राहिले,
गिऱ्हाइकांच्या बाजूला, पहिल्यांदाच.
तिथलं पेन दोरीला बांधलेलं,
फॉर्मपर्यंत पुरत नाही.
एकोणीस वर्षं लोक हेच ओरडत होते.
फॉर्मच सरकवला पेनाकडे.
कारण: लिहिलं. नाव लिहिलं.
सहीचं पहिलं अक्षर काढलं
आणि पोटात कळ उठली, ओळखीची.

पेन सुटलं, दोरीला लोंबत राहिलं.
तांबोळीने फॉर्मवर हात ठेवला, वाऱ्याने उडू नये म्हणून.
"जाऊन या, मॅडम.
काउंटर उघडं आहे."