काटा वीसवर

वणीकडे जाणारे कोळशाचे ट्रक
रात्री बारानंतर जरा विरळ होतात,
तेव्हा केंद्रातला पंप ऐकू येतो.
थुक्, थुक्,
शेजारघरी कोणी पापड लाटत बसावं तसा.

डब्यात, आठ अंश थंडीत,
सतरा नंबरचं काळीज.
ते धडधडत नाही.
ते फक्त मेलेलं नाही.

खाटकाला काळीज मागितलं तर तो यकृत तोलून देतो.
वैरागडे मॅडम हृदय म्हणतात,
वहीत इंग्रजीत लिहितात.
माय मला काळीज म्हणायची;
त्यात नेमकं काय धरलं होतं तिनं,
विचारायचं राहून गेलं.

मॅडमचा हिशोब साधा आहे.
माणसाचं हृदय बर्फात चार तास टिकतं.
इथून नागपूर, वाटेत फाटक,
मग ऑपरेशनची तयारी,
चार तासांत हे बसत नाही.
म्हणून डुकरं. म्हणून पंप. म्हणून मी.

सतरा नंबर मीच आणली होती मारेगावच्या बाजारातून,
सुदाम मान्याच्या कळपातली, डाव्या कानाला चीर.
माझ्या बादलीची कडी सैल आहे.
ती खुळखुळली की पळत यायची,
दुसऱ्या कोणाच्या बादलीला नाही.
सुई दिली तेव्हा तिचं थोबाड माझ्या कोपरात होतं.
मॅडम म्हणाल्या, तिला काही कळणार नाही, नत्थूभाऊ.
मी म्हटलं, हाव.

तर त्या रात्री एक चाळीसला लाइन गेली.
इन्व्हर्टरनं शिट्टी मारली आणि तोही बसला.
मॅडमनी मोबाईलचा उजेड काट्यावर धरला:
पिशवी हातानं दाबा.
काटा वीसवर राहू द्या.
वर गेला तर सूज येईल,
खाली आला तर उपाशी राहील.

मी शास्त्र शिकलो नाही,
पण म्हैस पान्हवेपर्यंत दम धरायला शिकलो होतो.
अंगठा आत मुडपून, वरून खाली, सावकाश.
वीस. एकोणीस. वीस.
डब्याभोवती उस्मानच्या गारेगारच्या गाडीवरचा बर्फ,
त्यात कुठंकुठं गुलाबी रंग राहिलेला.

शेजारची दुर्पताबाई विरजण मागायला यायची.
उद्या आणून देतो, म्हणायची.
तेच दही कधी कोणी परत आणलंय?

बावन्न मिनिटं.
मॅडमनी मधेच विचारलं, हात दुखतो का?
दुखत होता. म्हटलं, नाही जी.

सकाळी ते तेवीस नंबरच्या छातीत शिवलं.
चिमटा काढला.
आधी नुसतं थरथरलं,
वाट चुकल्यासारखं थांबलं,
मग एक ठोका.
आम्ही सगळे दुसऱ्याची वाट पाहत होतो.
मॅडमनी घड्याळ बघून वेळ लिहिली
आणि मास्क न काढताच बाहेर जाऊन बसल्या.

तिसऱ्या दिवशी मी कुंपणाबाहेर बादली खुळखुळवली.
उगाच.
तेवीस नंबरनं कान टवकारले, पाय घसरला, उठली,
जाळीपाशी येऊन तोंड लावलं.
पडद्यावर आकडा एकशेचार.
तेवढाच.
ती खाऊ लागली. एकशेचार.
बादली रिकामी होत आली तेव्हा
आकडा हळूहळू चढायला लागला.

मॅडम म्हणाल्या, नसा कापलेल्या असतात ना.
निरोप आता रक्तातून जातो, पायी पायी.
म्हणून हे काळीज उशिरा दचकतं.
त्या दिवशी पहिल्यांदा त्या काळीज म्हणाल्या.

मी बादली धुतली. खिळ्याला टांगली.
घरी सगुणानं विचारलं, कसं झालं?
म्हटलं, झालं.

पुढल्या आठवड्यात जेवताना
मागल्या दारी कोणाची तरी बादली आपटली,
कडी खुळखुळली.
मी जेवण उरकलं, हात धुतला, खाटेवर टेकलो.
नंतर केव्हातरी सगुणा म्हणाली,
काऊन जी, अंगाला घाम काऊन सुटला?
माझी मूठ आवळलेली होती,
अंगठा आत.