आडनावाचा रकाना

वाशीच्या आरटीओबाहेर, फाटकाच्या डाव्या हाताला
घडीचं टेबल, दोन स्टुलं आणि बदामाची सावली
दुपारी दीडपर्यंत. मग ती सरकते
चहावाल्याकडे, आणि मी तिच्या मागे.
एकोणीस वर्षं मी लोकांचे फॉर्म भरते.
वारं फिरलं की कांदा-बटाटा मार्केटचा वास
कार्बन पेपरलासुद्धा लागतो.

ती आली तेव्हा सोबत पदाजी भोईर होते, घणसोलीचे.
लेकीची मोरपंखी स्कूटर विकायला काढलेली.
लेक आता कुडाळला, तिकडे जावयाची बुलेट आहे, म्हणाले,
आणि सीटवरची धूळ तळहाताने पुसली,
विकून झालेल्या गाडीची.

फॉर्म एकोणतीस, दोन प्रती. फॉर्म तीस.
विमा, पीयूसी, भाडेकरार, पासपोर्ट,
आणि परदेशी नोंदणीचा तो कागद
ज्यावर तिचा फोटो पकडून आणल्यासारखा दिसत होता.
नाव?
सेलामाविट.
वडिलांचं?
ताडेसे.
आडनाव?
नाही.
नाही म्हणजे?
म्हणजे आमच्या इथिओपियात नसतंच, ती तोडक्या हिंदीत म्हणाली.
मी, माझे बाबा, बाबांचे बाबा. संपलं.

मी पेनाचं टोपण चावत बसले.
आमचीही पहिली दोन घरं अशीच की गं.
तिसऱ्यात मात्र गाव येतं, वतन येतं,
कुणा खापरपणजोबाची एखादी खोड येते,
आणि बाईमाणूस असेल तर
दुसरं घरही मध्येच खोडून पुन्हा लिहावं लागतं.

लग्नानंतर काय लावतेस, विचारलं.
तेच, म्हणाली. बाबा कसे बदलतील?

मला तांदळाचं ताट आठवलं.
हेमलता म्हणून पाटावर बसले,
अंगठीने उमटवलेली चार अक्षरं वाचून उठले: सुलक्षणा.
सगळ्यांनी पेढे खाल्ले.
त्या तांदळाचा पुढे भात झाला का
हे मी कधी कुणाला विचारलं नाही.

खिडकी सातवर कर्णिक.
रकाना रिकामा ठेवलात तर सिस्टीम पुढे जात नाही, मॅडम.
मग मी तिच्या आजोबांना आत घेतलं. वोल्डे.
कायमचा पत्ता?
अडामा. मरियमच्या चर्चमागे. निळा दरवाजा.
पिनकोड?
ती माझ्याकडे बघायला लागली, मी कर्णिकांकडे,
कर्णिक पंख्याकडे.
शेवटी त्यांनी सहा शून्यं टाकली.
सिस्टीम पुढे गेली.

राहिली चेसिसची छाप.
ते काम मी एजंटच्या पोरांना देत नाही.
दोघी उकिडव्या बसलो गाडीपाशी,
तिच्या गुडघ्यावर माझा सेलोटेप.
आधी पत्र्यावर पेन्सिलीचं शिसं फासायचं,
वर टेप दाबायची, नखाने, प्रत्येक आकड्यावरून,
आणि श्वास धरून उचलायची.
दोनदा रंग मारलाय हिला, भोईर वरून म्हणाले,
आधी लाल होती. पण हा नंबर काय बदलत नाय.
पहिली पट्टी तिच्या हातून फाटली, निम्मे आकडे आले.
दुसरी नीट आली.
फाटकी मी डायरीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवली.
का, ते विचारू नका.

तीन आठवड्यांनी ती नेरुळहून आली,
हेल्मेट काखेत, हातात आरसीचं कार्ड.
आमचा वॉचमन घेईना म्हणे पाकीट,
वोल्डे नावाचा कुणी माणूस इथे राहत नाही, म्हणून.
टेबलावर कोपर टेकून ती हसत राहिली,
सावलीबाहेर, भर दोन वाजता.
आजोबांनी उभ्या जन्मात खेचरापलीकडे काही हाकलं नव्हतं.
आता पामबीचवर सिग्नल तोडला
तर पावती त्यांच्या नावाने फाटेल.

चहा सांगितला. तिने दोघींचे पैसे दिले.
मग आरशात बघून हेल्मेटचा पट्टा लावला
आणि निघाली, इंडिकेटर
उजवीकडचा चालू, वळली डावीकडे.