तदंगभूत

पारोळ्याला, तहसील कचेरीच्या भिंतीला टेकून
माझं टेबल आहे एकतीस वर्षं.
एक पाय आखूड, त्याखाली रद्द स्टॅम्पपेपरची घडी.
लोक येतात, भडाभडा बोलतात.
मी त्यातलं रडणं बाजूला काढतो, शिव्या काढतो,
उरेल त्याला ‘सबब’ लावतो.

कुणी म्हणतं, बाप गया.
मी लिहितो, सदर इसम मयत.
कुणी म्हणतं, त्या चिंचपावत मनंच शे.
मी लिहितो, चतुःसीमा येणेप्रमाणे,
आणि चारी दिशांत चिंच कुठेच येत नाही.
पोटखराब सात आर, असं वाचलं तेव्हा
एक म्हातारा पोटावर हात ठेवून म्हणाला,
आते बरं शे, गोयी खादी मी.
हसलो होतो. घरी जाऊन बायकोला सांगितलंही होतं.

परवा ठगूबाई आली, हक्कसोडीला.
मागे तिचा भाऊ हिलाल, हातात झेरॉक्सची पिशवी,
बहिणीकडे न बघता कचेरीच्या घड्याळाकडे बघणारा.
मी वाचत गेलो सवयीच्या चालीवर:
राजीखुशीने, अक्कलहुशारीने,
कोणाच्याही दडपणास बळी न पडता, विनामोबदला…

‘म्हंजे?’
म्हंजे फुकट, माय.
‘फुकट कसं? आखाजीले भाऊ लेवाले येस,
ते काय फुकट येस?’
हिलालने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

मी पुढे सरकलो:
झाडझाडोऱ्यासह, दगडमातीसह, तदंगभूत वस्तूंसह…

‘कोनं भूत?’

भूत नही, माय. त्या जागेत जे जे असेल ते.
ती जरा वेळ माझ्या पेनाच्या टोकाकडे बघत राहिली.
‘तठे निंब शे. निंबले मना झोका ऱ्हास आखाजीले.
तो बी देना पडी का?’

एकतीस वर्षं. कूळ, वहिवाट, बोजा, इकरार,
कुठल्याही शब्दाला मी कधी अडलो नव्हतो.
झोका जंगम की स्थावर?
हलतो, पण कुठे जात नाही.
वर्षातले चार दिवस असतो, मग नुसती फांदी,
फांदीला दोराचा घासलेला वळ.
त्या वळाचं मूल्यांकन कुठल्या तक्त्यात बघू?

‘नाना, लिहा ना,’ हिलाल म्हणाला, ‘साहेब उठतील.’
लिहिलं.
तिने अंगठा दिला आणि शाई पुसली
माझ्याच टेबलाच्या कडेला.
खाली नेहमीची ओळ होती:
वाचून दाखवले, समजावून सांगितले, बरोबर आहे.

संध्याकाळी बोरीच्या पुलावर सायकल थांबवली.
पात्रात पाणी नव्हतं, पोरं क्रिकेट खेळत होती.
तेव्हा आठवलं, सतरा वर्षांपूर्वीचा एक दस्त.
लिहून देणार: वत्सला, राहणार शिरूड.
लिहून घेणार: मी.
लिहिणाराही मीच.
अक्षर इतकं सुबक आलं होतं
की दुय्यम निबंधकांनी मान डोलावली.
तिने काही विचारलं नव्हतं.
विचारलं असतं, तर मला काय सांगता आलं असतं
त्या भाषेत, किंवा या?

फोन लावला. रिंग जात होती तोवर
मनात वाक्य जुळवत होतो,
आणि प्रत्येक वाक्य ‘कारणे’ने सुरू होत होतं.

‘काय रे, काय व्हयनं? आशा येयले फोन?’

काही नही, म्हणालो. आखाजी कवय शे?

‘तुले म्हाईत नही? कचेरीमा कॅलेंडर नही का?’
ती हसली. मग मागे कुणाला तरी ओरडली, दूध उतू जातंय.
मग पुन्हा फोनवर आली, श्वास लागलेला.

‘बोल ना,’ म्हणाली.