चवीपुरतं

बाबांना जिभेवर ठेवलं की कळायचं
मीठ कुठल्या वाफ्यातलं,
समुद्रालगतचं की कालव्यापलीकडचं,
पाऊस पडण्याआधी ओढलेलं की नंतरचं.
सेचोव्ल्येच्या मिठागरात चाळीस उन्हाळे
लाकडी फावड्यानं त्यांनी पांढरं गोळा केलं,
आणि पिरानच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
ब्रूनो, आता मीठ बंद.

तेव्हापासून आई
बरणीत हात घाली, खडे खळखळवी,
आणि रिकामी मूठ पातेल्यावर झटके.
"नेहमीइतकंच घातलंय."
बाबा घास घेत. थांबत.
"झक्क, नीवेस. अगदी बेताचं."

ज्याला वाफा ओळखता येतो
त्याला अळणी योता कळत नाही?
चौदाव्या वर्षी मला पडलेलं कोडं.
मग एकदा चमचा पडला
म्हणून मी टेबलाखाली वाकले,
तर बाबांची दोन बोटं कोटाच्या खिशात.
आई पावासाठी वळली तशी ती वर गेली.
बाबांनी माझ्याकडे पाहिलं.
मी चमचा पुसत बसले,
तोंडात मिठाची गुळणी.

सहा वर्षं.
दोघं एकमेकांना फसवत होती
आणि घरात इतकं शांत जेवण
मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

मार्चमध्ये बाबा बांधावर टेकले ते उठले नाहीत.
मिठानं का?
मी आता औषधांच्या दुकानात काम करते.
रोज चिमूटभर, सहा वर्षं:
हिशेब येतो मला.
केलेला नाही.

कोट धुवायला काढला तेव्हा
आईनं खिसा उलटा केला.
शिवणीत खडे, ओल धरून घट्ट झालेले.
एक तिनं जिभेवर ठेवला.
"तुला ठाऊक होतं?"

लोक म्हणतात, एखादं खोटं पांढरं असतं,
चालून जातं.
मी मिठागरवाल्याची मुलगी.
पांढऱ्याच्या पाट्या वाहिल्यात मी,
खांद्याची सालं निघेपर्यंत.

"नाही," मी म्हटलं.

आई बघत राहिली,
बाबा पहिल्या घासानंतर बघायचे तशी.
"बरं," म्हणाली.
मग चुलीशी गेली, बरणीत हात घातला,
खडे खळखळले.

मूठ भरलेली होती की रिकामी
कोण जाणे.
तिची पाठ होती माझ्याकडे.